"तू विगनला होतीस का?"

मागच्या शनिवार-रविवारी स्कार्बरोला जाऊन आले. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं जुनं सुट्टीचं गाव. मध्ये उंचावर किल्ला आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन अर्धगोल किनारे. किल्ल्यावर गेले नाही, पाण्यात पायही घातला नाही. आम्ही गेलो होतो स्कूटर रॅलीला आणि रात्रीच्या नॉर्दर्न सोलला, म्हणजे साठच्या दशकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन गाण्यांवरच्या नाचाला. त्या रात्री एका गृहस्थांनी मला आणि माझ्या हाउसमेटला वरचा प्रश्न विचारला (विगन हे मँचेस्टरजवळचं गाव) आणि तो अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधी रस्त्याबद्दल. माझ्याकडे एलएमएल स्टार आहे, १२५ सीसी, कानपूरला बनलेली. हाउसमेटची लॅम्ब्रेटा जीपी लखनौची. मी अजून एल-प्लेट, म्हणजे शिकाऊ चालकाची पाटी, लावून चालवते, म्हणजे मोटरवेवर जायला बंदी. म्हणून मँचेस्टरहून ओल्डम, मग स्टँडएजची खिंड चढून हडर्सफील्ड, पुढे लीड्स, यॉर्क, मॉल्टन असे जुन्या रस्त्याने गेलो. स्टँडएजवर वारा स्कूटरला अक्षरशः आडवा ढकलत होता, तरी तो टप्पा मला फार आवडला. वैताग आला तो यॉर्कच्या पुढे, ए६४वर, कॅरव्हॅनच्या शेपटीमागे सरपटताना. मॉल्टननंतर मात्र मागून एका क्लबच्या दहा-बारा स्कूटर आल्या. पुढच्याने हात वर केला, त्यांनी आपोआप रांग सैल करून आम्हा दोघींना मध्ये घेतलं आणि स्कार्बरो येईपर्यंत बाहेर पडू दिलं नाही. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरात शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर गेले. मी निगडीत वाढले, आकुर्डीच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतले बाबा बजाजमध्ये. मला त्या धुराचं काही वावडं नाही.

फोरशोअर रोडवर समुद्राकडे तोंड करून स्कूटरच स्कूटर. काहींवर साठच्या दशकातल्या मॉड, म्हणजे टापटीप कपड्यांतल्या स्कूटरवेड्या, पोरांसारखे आरशांचे आणि दिव्यांचे घोस. काहींचे सगळे पत्रे काढून टाकून नुसता सांगाडा आणि इंजिन ठेवलेलं. तो ऐंशीच्या दशकातल्या स्कूटरबॉइजचा थाट. एका व्हेस्पाच्या डिकीवर एअरब्रशने काढलेलं गायिकेचं चित्र इतकं बारीक होतं, की तिच्या कानातल्या डुलातही स्टेजचे दिवे दिसत होते.

आम्ही हेल्मेट काढतोय तोवर एक आजोबा जीपीजवळ उकिडवे बसले, खालून इंजिनकडे बघितलं आणि म्हणाले, "लखनौ?" इनोसेंटी कंपनीने मिलानमध्ये लॅम्ब्रेटा बनवणं १९७१ला थांबवलं, पुढच्या वर्षी ती यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि लखनौच्या स्कूटर्स इंडियात नेली, हा सगळा इतिहास त्यांना पाठ होता. मी त्यांना पुढचा-मागचा भाग सांगितला. त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकापासून, मुंबईत एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) ही कंपनी लॅम्ब्रेटा बनवत होती, भांडुपला तिचा कारखाना होता. पुण्यात बजाजने १९७१पर्यंत इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा काढली आणि मग १९७२ला चेतक आली, जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. ते मन लावून ऐकत होते. इटलीत बंद पडलेली गाडी आपण पुढे इतकी वर्षं बनवली म्हणून इंग्लंडमधल्या पोरांना ती परवडली, सुटे भाग मिळत राहिले, हे ते स्वतःहून म्हणाले. मला भरून आलं. आपल्याकडे ज्या स्कूटर भंगारात गेल्या, त्यांच्याबद्दल इतक्या आदराने बोललेलं मी घरीही कधी ऐकलं नव्हतं.

दुपार, चिप्स, सीगल, बी अँड बीची, म्हणजे घरगुती लॉजची, चिंचोळी खोली: सगळं ठीक. रात्रीकडे येते.

सीफ्रंटवरच्या एका हॉटेलचा वरच्या मजल्यावरचा हॉल. लाकडी जमीन, कोपऱ्यात दोन टर्नटेबल, एका भिंतीला लांब टेबलावर रेकॉर्डचे खोके मांडून बसलेले विक्रेते. दारात बारा पौंड, हातावर शिक्का. बायका घेरदार स्कर्टमध्ये, पुरुष ढगळ पँट आणि चामड्याच्या तळव्याच्या बुटांत, प्रत्येकाजवळ टॉवेल आणि जादा शर्ट असलेली बॅग. जोडीने कुणी नाचत नाही. प्रत्येक जण आपल्या दीड-दोन फुटांच्या जागेत, तोंड डीजेकडे. ग्लास हातात घेऊन फ्लोअरवर पाऊल टाकायचं नाही हा अलिखित नियम, आणि तो मला मनापासून पटतो. सांडलेल्या बिअरवर पाय चिकटतो, घसरत नाही.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. साठच्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसमध्ये मोटाउन या बड्या रेकॉर्ड कंपनीसारखं यश मिळेल या आशेने शेकडो कृष्णवर्णीय गायकांनी छोट्या छोट्या लेबलांवर रेकॉर्ड काढल्या. बहुतेक पडल्या. साठचं दशक संपता संपता लंडनमधले लोक फंककडे वळले. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांच्या गावांतली पोरं मात्र जुन्या, धावत्या ठोक्याला धरून राहिली. लंडनला फुटबॉलची मॅच बघायला आलेली ही पोरं डेव्ह गॉडिनच्या रेकॉर्डच्या दुकानात येऊन तेच मागायची, म्हणून त्याने या संगीताला 'नॉर्दर्न सोल' म्हणायला सुरुवात केली. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील, टनस्टॉलचा गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूलचा मेका आणि २३ सप्टेंबर १९७३ला सुरू झालेला विगन कॅसिनो हा नाचाचा हॉल: या क्लबांत पोरं नाचली, बहुतेक ठिकाणी रात्रभर. डीजे अमेरिकेत जाऊन गोदामांतून पडेल रेकॉर्ड उचलून आणायचे आणि प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवायचे. फ्रँक विल्सनची १९६५ची एक रेकॉर्ड, जिच्या फार काळ दोनच प्रती माहीत होत्या, २००९मध्ये २५,७४२ पौंडांना गेली आणि २०२०मध्ये एक लाख पौंडांना. जी बाजारात नीट आलीसुद्धा नव्हती, ती!

आई फोनवर विचारते, रात्रभर नाचता म्हणजे नक्की काय? बाबांना मात्र लगेच कळतं. त्यांनी सवाई गंधर्व पहाटेपर्यंत चालायचा तो काळ बघितलाय, घोंगडी घेऊन जायचे ते.

तर आम्ही नाचत होतो. हाउसमेट विगनचीच, तिचे आजोबा कॅसिनोत जायचे, ती लहानपणापासून स्वयंपाकघराच्या फरशीवर हे पाय शिकली. मी तिच्याकडून मँचेस्टरच्या भाड्याच्या घरात शिकले. एका गाण्याच्या ब्रेकला, म्हणजे ठोका क्षणभर थांबतो तिथे, सगळ्या हॉलची एकच टाळी पडली, तिने गिरकी घेतली, पाठीवर गेली, हाताच्या रेट्याने ठोक्यावर परत उभी राहिली. आणि गाणं संपताच, हातात बिअरचा पाइंट घेऊन फ्लोअरच्या काठावर उभे असलेले एक गृहस्थ तिला म्हणाले, "छान नाचतेस, पण तुम्हा पोरांचा हा नुसता फॅन्सी ड्रेस झाला. तू विगनला होतीस का?" मग माझ्याकडे बघून, "आणि तू? तुझा काय संबंध?"

ती काहीच बोलली नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसले. विगन कॅसिनो ६ डिसेंबर १९८१ला बंद झाला, पुढच्या वर्षी इमारत जळाली, नंतर पाडली. आज त्या जागी ग्रँड आर्केड नावाचं शॉपिंग सेंटर आहे. तिने मला ते मुद्दाम नेऊन दाखवलंय, कपड्यांच्या दुकानांमधून चालवत, फ्लोअर साधारण कुठे असेल ते सांगत. तिचा जन्म कॅसिनो बंद झाल्यावर वीस वर्षांनी झाला. ती तिथे असणार कशी?

त्या क्षणी मलाही सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते. जे विगनला होते ते तरी डेट्रॉइटला कुठे होते? सोळा-सतरा वर्षांची लँकशायरची पोरं, कधी न बघितलेल्या शहरातल्या, दहा वर्षांपूर्वीच्या, त्या शहरानेही विसरलेल्या गाण्यांवर नाचत होती. कुठल्या गायकाने त्यांना विचारलं, तुमचा काय संबंध? एडविन स्टार डेट्रॉइटच्या रिक-टिक लेबलवर गायचा. पुढे तो इंग्लंडमध्ये राहायलाच आला आणि २००३मध्ये नॉटिंगहॅमजवळ वारला. ज्यांची गाणी तिकडे पडली, त्यांच्यातल्या कित्येकांना उतारवयात इकडे बोलावून लोकांनी डोक्यावर घेतलं. या सगळ्या पसाऱ्याचं चिन्ह वळलेली मूठ आहे, आणि ती आली अमेरिकेतल्या ब्लॅक पॉवर चळवळीकडून. बॅगेवर ती मूठ शिवून दुसऱ्याला संबंध विचारायचा, हे मला सहन होत नाही.

बाकी लोक असे नव्हते, हेही तितकंच खरं. मी बाजूला जाऊन पाणी पीत होते तेव्हा एक सत्तरीच्या आसपासच्या बाई आल्या. पांढरे केस कापलेले, पायात सपाट चामडी बूट. त्यांनी बॅगेतून टाल्कम पावडरचा डबा काढला, माझ्या पुढ्यात जमिनीवर चिमूटभर टाकली आणि म्हणाल्या, "लव्ह, तू पाय उचलतेस. उचलू नकोस, सरकव." माझं कोपर धरलं. "खांदे सोड. वजन चवड्यावर. चार इकडे, चार तिकडे, आणि टाळी ब्रेकला, आधी नाही." दोन गाणी त्या माझ्या शेजारी नाचल्या, घाईने एकही पाऊल नाही, कमरेच्या वर जवळजवळ काही हलत नव्हतं, आणि पाय मात्र पाण्यावरून गेल्यासारखे. तिसऱ्या गाण्याला माझा बूट पहिल्यांदा आपसूक सरकला आणि त्यांनी नुसती मान हलवली.

त्या विगनला होत्या. हे मी विचारलं म्हणून कळलं. बोल्टनच्या एका शिवणकारखान्यात काम, शनिवारी शेवटच्या बसने विगन, स्टेशन रोडवर रांगेत उभं राहायचं, रात्री दोनला दार उघडायचं, सकाळी आठपर्यंत नाच. दारू मिळायची नाही. नशेच्या गोळ्या पुष्कळ चालायच्या, तेही त्यांनी लपवलं नाही. भिंतींवरून घाम ओघळायचा. मग आंघोळीला सार्वजनिक तलावावर आणि तशीच घरी. "आई म्हणायची चर्चला जातेस तितकी नेमाने जातेस," असं सांगून त्या परत फ्लोअरवर गेल्या, मध्यरात्र उलटून गेली तरी थांबल्या नाहीत.

शेवटी तीच तीन गाणी, कॅसिनोत आठ वाजायच्या आधी लागायची ती: जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड, डीन पॅरिश यांची. त्या वेळी काठावरचे गृहस्थही ग्लास ठेवून आत आले आणि नाचले, चांगले नाचले. माझा राग त्यामुळे गेला नाही.

रविवारी बी अँड बीच्या नाश्त्याला आदल्या दिवशी आम्हाला रांगेत घेणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरी बाई भेटल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या क्लबची सोल नाइट आहे, त्यातला अर्धा तास त्या आम्हा दोघींना रेकॉर्ड लावायला देताहेत. अट एकच: फक्त ओरिजिनल, म्हणजे त्या काळच्या मूळ छपाईच्या रेकॉर्ड. या अटीवर माझं मन दोन्ही बाजूंना जातं. सत्तरच्या दशकात चोरून रेकॉर्ड छापणाऱ्या बूटलेगवाल्यांनी या गायकांना एक पैसा न देता खोऱ्याने कमावलं, म्हणून नियम बरोबरच आहे. पण पंचवीस वर्षांच्या, मँचेस्टरचं घरभाडं भरणाऱ्या पोरीने चारशे पौंडांची रेकॉर्ड आणायची कुठून? ज्येष्ठ डीजेंनी स्वस्तात घेतलेले खोके आज घराच्या किमतीचे झालेत. अधिकृत रीइश्यूला, म्हणजे नव्या छपाईला, ज्याचे पैसे रीतसर हक्कधारकाला जातात, मज्जाव का? मी हे तिथेच बोलून दाखवलं. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, मुद्दा कमिटीपुढे मांड, मी तुझ्या बाजूने बोलेन, पण ऑक्टोबरला अट हीच.

म्हणून परतताना पिकरिंगमार्गे जायचा बेत रद्द केला आणि हॉलमधल्या विक्रेत्यांकडे पुन्हा गेलो. पंधरा पौंडांच्या आतलं तेवढंच बघायचं ठरवलं होतं. तासभर बोटं काळी होईपर्यंत चाळलं आणि बरंच हाताला लागलं: कोपरे फाटलेली, मागे कुणीतरी बॉलपेनने नाव लिहिलेली, पण अस्सल. एडविन स्टारची १९६६ची, पॉलिडोरवर निघालेली ब्रिटिश छपाई मला मिळाली. आमचा अर्धा तास तिनेच सुरू होणार. हाउसमेटला दुसरीच हवी आहे, पण पैसे मी दिलेत.