महापौर कोण निवडणार आणि रोडचे पैसे कोण देणार

परवा इथे इंदूरमधेच सुदामानगरला मावशीकडे गेले होते, तिथे समोरच्या रोडचा विषय निघाला. रोड रुंद होणार असं गल्लीत सगळे म्हणतायत, म्हणजे मावशीचा ओटा जाणार आणि कदाचित पुढची खोली पण. काका म्हणाले, "ओटा जाऊ दे गं, गाड्या वाढल्यात, कळतं मला. पण जागा पण आमचीच आणि रोडचा पैसा पण आमच्याकडूनच, हे कसं काय?" मी म्हटलं काका, प्रश्न बरोबर आहे, पण हा विचारायचा कोणाला ते आधी बघा. तेव्हापासून तेच डोक्यात आहे म्हणून लिहितेय.

आपल्याकडे २००० सालापासून महापौर आपण थेट निवडतो, त्याआधी पार्षद, म्हणजे नगरसेवक, आपल्यातूनच निवडायचे. कैलाश विजयवर्गीय थेट निवडून आलेले पहिले, मग उमाशशी शर्मा, मग आपले कृष्णमुरारी मोघे, मग मालिनी गौड. २०१९ ला राज्य सरकारने नियम फिरवला, महापौर परत पार्षदच निवडणार म्हणे. त्या नियमाने एकही निवडणूक झाली नाही, मधे सरकार बदललं आणि मे २०२२ ला अध्यादेश आला की महापौर थेट, पण नगरपालिका आणि नगरपरिषदेचे अध्यक्ष मात्र पार्षदांमधून. म्हणजे २०२२ ला इंदूरच्या माणसाने आपला महापौर निवडला आणि शेजारच्या छोट्या गावातल्याला आपला अध्यक्ष निवडता आला नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

मी थेट निवडणुकीच्याच बाजूची आहे, आणि कारण रोडच आहे. ड्रेनेजचं झाकण, गल्लीतला लाईट, नाली, हे पार्षदाचं काम. पण मोठा रोड चार-पाच वॉर्डांतून जातो, आपल्याकडे ८५ वॉर्ड आहेत, प्रत्येक पार्षद आपल्या वॉर्डापुरतं बघणार (आणि बघायलाच पाहिजे, त्यासाठीच तर निवडलाय), मग अख्ख्या रोडचा जाब द्यायला एक माणूस असा पाहिजे की ज्याला पूर्ण शहराने मत दिलंय. उलट बाजू पण आहे, महापौर एका पक्षाचा आणि परिषदेत, म्हणजे सगळ्या पार्षदांच्या सभेत, बहुमत दुसऱ्याचं झालं तर बजेट अडकू शकतं. ते मान्य. पण अडकलेल्या बजेटवर परिषदेत सगळ्यांसमोर भांडण तरी होतं, बंद खोलीत महापौर ठरला तर आपल्याला फक्त नाव कळतं. आणि थेट निवडलेल्याला लोक घरी पण पाठवू शकतात, आपल्या राज्यात नगरपालिकांमधे खाली कुर्सी-भरी कुर्सीचं, म्हणजे अध्यक्षाला ठेवायचं की परत बोलवायचं याचं, मतदान झालेलं आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निवडणूक वेळेवर होणं. संविधानात ७४ व्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलंय की मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. आपल्याकडे परिषदेची मुदत फेब्रुवारी २०२० ला संपली आणि मतदान झालं ६ जुलै २०२२ ला. मधे कोरोना, मग आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत, मे २०२२ ला कोर्टाने निवडणूक घ्याच म्हणून सांगितलं तेव्हा गाडी हलली. सव्वादोन वर्षांच्या वर प्रशासक होते. त्या काळात बजेटवर एकाही निवडून आलेल्या माणसाचा हात वर झाला नाही, मला ही गोष्ट फार लागते.

आता पैशाचं. काका म्हणाले बॉन्ड काढा ना, निगमने, म्हणजे महापालिकेने, काढले होते की. काढले होते, फेब्रुवारी २०२३ ला २४४ कोटींचे ग्रीन बॉन्ड, लोकांनी भरभरून घेतले, पण ते जलूदच्या ६० मेगावॅट सोलर प्लांटसाठी. नर्मदेचं पाणी तिथून पंप करून इंदूरला आणायला वीज लागते, सोलरने बिल वाचणार, त्यातून व्याज फिटणार. रोडवर काय वाचणार? वस्तीतल्या रोडवर टोल तर लावणार नाही. म्हणजे ते कर्ज शेवटी संपत्ती करातूनच फिटणार. केंद्राकडून वित्त आयोगाचा पैसा येतो, पण दहा लाखांवरच्या शहरांना १५ व्या आयोगाने दिलेला निधी शहराची हवा, पाणी, कचरा याच कामांना बांधलेला होता. चुंगीच्या (जुन्या जकातीच्या) बदल्यात राज्याकडून येतं ते राज्याच्या हातात. मग उरतो आपला संपत्ती कर, नाहीतर रोडलगतच्यांकडून वेगळी वसुली, त्यांच्या जागेचे भाव वाढतात म्हणून.

आणि इथे मला काकांचंच पटतं. भाव वाढला तो दुकानवाल्याला, किंवा विकून जाणाऱ्याला. मावशीला घर विकायचंच नाहीये, तिला त्यातच राहायचंय, पेन्शनवर. जागेच्या बदल्यात टीडीआरचा कागद मिळेल, म्हणजे दुसरीकडे जास्त बांधकाम करायचा किंवा विकायचा हक्क, बरं, पण दोन खोल्यांच्या घरात तो कागद घेऊन ती करणार काय, विकायला बिल्डर शोधत फिरणार? ज्याची जागा गेली त्याच्याकडून वर पैसे घेऊच नयेत, दुकानं आणि मोठ्या इमारतींकडून घ्यावेत, आणि बाकी सगळ्या शहराच्या करातून, कारण रोडवरून सगळं शहर जाणार आहे. त्यासाठी कर थोडा वाढला तर मी भरेन, खरंच भरेन, फक्त कोणता रोड, किती पैसे, कधीपर्यंत हे परिषदेत आधी सांगा.

पुढची निवडणूक २०२७ ला. काकांनी वहीत तीन प्रश्न लिहून ठेवलेत, अक्षर अजून छान आहे त्यांचं. रविवारी मी आणि ते पार्षदांकडे जाणार आहोत, मावशी म्हणाली ओट्याचं माप पण लिहून न्या.