पुराचा विषय घरात निघू दे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं, तेव्हा माझी भाची चार वर्षांची होती. अजूनही जोराची सर आली की ती दप्तर उचलून माळ्यावर ठेवते. आज्जी म्हणते, "विषय काढू नका, विसरंल ती." मला हे अजिबात पटत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन फायव्हश यांनी आई-मुलांच्या गप्पांवर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. आई "मग काय झालं? तुला काय वाटलं?" असं विचारत राहते, त्या घरातली मुलं घडलेलं जास्त सविस्तर आणि सुसंगत सांगतात.

परवा ताईनं भाकरी थापता थापता विचारलं, "बोटीत कुणाच्या मांडीवर बसलीवतीस गं?"

"आज्जीच्या. तिचं लुगडं भिजलंवतं. आणि मोती गच्चीवरच राहिला."

मोतीचं तिच्या एवढं मनात असेल, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता आज्जीला बजावलंय, पोरगी पुराचं बोलायला लागली की तिला गप्प करायचं नाही.