बाटली, थेंब आणि मीटर

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. मी ऊर्जा हा विषय शिकवते, आणि हल्ली जवळपास प्रत्येक व्याख्यानानंतर कोणी तरी विचारतेच : ‘एआयला एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी जाते म्हणतात. मग आम्ही ते वापरू नये का?’

ही बाटली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजातली आहे. तो अंदाज एका प्रश्नाचा नव्हता. दहा ते पन्नास उत्तरांमागे अर्धा लिटर असा होता, आणि त्यात वीज तयार करताना खर्ची पडणारे पाणीही धरले होते. पुढे २०२५ मध्ये गूगलने आपल्या जेमिनी या एआयला विचारलेल्या साधारण एका प्रश्नामागे ०.२६ मिलिलिटर, म्हणजे पाचेक थेंब पाणी लागते असे जाहीर केले. त्यात मात्र वीजकेंद्रातले पाणी मोजलेलेच नाही. जिथे हिशेब कुठे थांबवायचा हे कंपनीच ठरवते, तिथे तुमच्या एका प्रश्नापेक्षा मला डेटा सेंटरच्या, म्हणजे एआय चालवणारे संगणक जिथे ठेवलेले आणि थंड राखलेले असतात त्या इमारतीच्या, मीटरची काळजी अधिक वाटते.

आयर्लंडमध्ये हा मीटर सर्वांना दिसतो. तिथले सांख्यिकी कार्यालय डेटा सेंटरची वीज वेगळी मोजून प्रसिद्ध करते, म्हणून देशाच्या वीजवापरात २०१५ मध्ये ५ टक्के असलेला त्यांचा वाटा २०२३ मध्ये २१ टक्क्यांवर, शहरांतल्या सगळ्या घरांच्याही पुढे गेला, हे लोकांना कळले. वीज नियामकाने २०२१ च्या अखेरीस नव्या जोडणीसाठी निकष घातले आणि डब्लिन परिसरात नव्या जोडण्या जवळजवळ थांबल्या. युरोपीय संघातही ५०० किलोवॉटपासून पुढच्या डेटा सेंटरना वीज आणि पाण्याचा तपशील कळवावा लागतो.

मी नवी मुंबईत ऐरोलीला राहते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती, बाजूला ओळीने उभी डिझेल जनरेटरची धुराडी, आणि मे महिन्यात रात्री दोन वाजताही न थांबणारी पंख्यांची घरघर, हे माझ्या रोजच्या ओळखीचे आहे. या औद्योगिक पट्ट्याला पाणी येते बारवी धरणातून, आणि त्याच धरणावर ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांची तहान अवलंबून आहे.

केंद्र सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. राज्याच्या २०२३ च्या माहिती-तंत्रज्ञान धोरणाने त्यांना वीज शुल्कात सवलत दिली. या सवलतींना माझा विरोध नाही, आणि तुम्ही एआय जरूर वापरा. पण सार्वजनिक पैशातून सवलत घेणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने दर महिन्याला किती वीज घेतली, किती पाणी उचलले आणि जनरेटर किती तास चालवले, हे धोरणातच अट घालून जाहीर करायला लावले पाहिजे.