उभ्या रानासाठी वर्गणी

मुरबाड तालुक्यातल्या सत्तर एकरांच्या एका खासगी रानाची तोड होऊ नये म्हणून आम्ही ठाण्यातली काही मंडळी गेली दोन वर्षे निधी जमवत आहोत आणि खजिनदार म्हणून त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. पैसे मागायला गेल्यावर सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच आहे: रोपे किती लावणार? एका कंपनीच्या सामाजिक निधीचे काम पाहणाऱ्या बाईंनीही तोच विचारला. मी एकही नाही म्हटल्यावर त्यांनी अर्जाचा नमुना माझ्यापुढे ठेवला. त्यात रोपांच्या संख्येचा रकाना होता, उभ्या झाडांचा नव्हता. वास्तविक 2013 च्या कंपनी कायद्यात हा निधी कशावर खर्च करता येतो हे सांगणाऱ्या सातव्या परिशिष्टात पर्यावरणाचा समतोल राखणे आणि वनस्पती-प्राण्यांचे संरक्षण करणे स्पष्टपणे नमूद आहे, त्यामुळे अडचण कायद्याची नसून सवयीची आहे. रोप लावतानाचा फोटो काढता येतो. न तोडलेल्या झाडाचा फोटो काढून दाखवले तरी त्यात आपण काय केले, हे कुणाला दिसत नाही.

या रानात रोप लावायला जागाच नाही. उतारावर ऐन, किंजळ आणि हिरडा, ओढ्याकाठी उंबर आणि जांभूळ, वर कड्याकडे कारवी. मागच्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा भोवतालचे माळ करपले होते, पण सावलीतल्या दोन डोहांत पाणी टिकून होते आणि खालच्या पाड्याची गुरे तिथेच येत होती. ही सावली उभी राहायला किती पिढ्या गेल्या असतील, याचा विचार केला की रोपांच्या संख्येचा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

आपल्या घराच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसत असल्यामुळे जंगल म्हणजे सरकारचेच, अशी ठाणेकरांची समजूत असते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असल्याने तिथे ती खरीही आहे. परंतु 1975 च्या खासगी वने संपादन कायद्यानंतरही सातबाऱ्यावर वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, म्हणून नोंदलेली कितीतरी झाडीची जमीन कुटुंबांच्या मालकीची राहिली आहे. आमच्या रानाचे मालक तीन भाऊ आहेत. फार्महाऊसच्या प्लॉटसाठी त्यांच्याकडे दलाल येतात आणि लाकडाचे व्यापारीही येतात. थोरले भाऊ पहिल्याच भेटीत म्हणाले, "साहेब, रान आम्हांलाही हवंय, पण धाकट्याच्या पोरीची फी रानाच्या पाल्यावर भरता येत नाही." त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. शहराला सावली हवी आणि तिची किंमत मात्र एका शेतकरी कुटुंबाने सोसावी, हे न्याय्य नाही.

सुरुवातीला आम्ही जमीन विकतच घ्यायला निघालो होतो. मात्र 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि ही अट आम्हांला आधीच कळायला हवी होती. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर परिसरात जमीनमालकांशी संवर्धन करार केले आहेत. त्या वाटेने आम्ही विचार बदलला. मालकी भावांचीच राहील, दहा वर्षे तोड आणि विक्री करायची नाही आणि त्याबदल्यात त्यांना दरवर्षी ठरलेली रक्कम मिळेल, असा मसुदा तयार आहे. म्हणून गोळा झालेला पैसा मुदत ठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून ही रक्कम द्यायची आहे.

देणग्या एका नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या खात्यात जमा होतात. देणगीवरची आयकर सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते आणि 2000 रुपयांवरच्या रोख देणगीवर ती मिळत नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. कुणी निराश होतात, तर कुणी सवलतीचा विचार न करता चेक लिहितात. आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने पेन्शनमधून दरमहा पाचशे रुपये सुरू केले आणि पावतीवर रोपाचे नाव नको, म्हणून आवर्जून सांगितले.

रानाचा खर्च करारावर संपत नाही. फेब्रुवारीपासून वाळलेले गवत पेट घेऊ लागते आणि पायथ्याच्या माळावर लागलेला वणवा वाऱ्याबरोबर वर चढतो. त्याआधी कडेने गवत कापून, पाला झाडून जाळरेषा काढावी लागते. हे काम पाड्यातलीच माणसे करतात आणि त्यांची मजुरी, तसेच उन्हाळ्याचे चार महिने दोन राखणदारांचे मानधन दरवर्षी द्यावे लागते. या खर्चासाठी देणगीदार मिळणे सर्वांत कठीण जाते, कारण आग न लागणे हेच या कामाचे फळ आहे.

यंदाच्या जाळरेषेची मजुरी जमली आहे. राखणदारांच्या एप्रिल आणि मे महिन्यांचे पैसे अजून उभे करायचे आहेत. ज्यांना रान आधी पाहायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी सहाला ठाणे स्टेशनाबाहेर यावे. थोरले भाऊ स्वतः वाट दाखवतात.