एलईडी लागतो, पण आवाज येत नाही: घरी बनवलेल्या गिटार पेडलचा माझा अनुभव

घरी बनवलेलं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणारी पायाने चालवायची डबी, पहिल्यांदा अँपला (अँप्लिफायरला) जोडलं, तेव्हा बायपासमध्ये, म्हणजे पेडलचं सर्किट वगळून, गिटार स्वच्छ वाजली. फूटस्विच दाबला, लाल एलईडी लागला आणि आवाज एकदम बंद. खरखर नाही, गुणगुण नाही, काहीच नाही.

सर्किट मुद्दाम साधं निवडलं होतं. सत्तरच्या दशकातल्या एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसच्या धर्तीचं: सिग्नल मोठा करणारा एक ७४१ आयसी, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि शेवटी सिग्नलची टोकं छाटणारे दोन डायोड. मूळ पेडलमध्ये जर्मेनियमचे डायोड असतात; मी सहज मिळणारे सिलिकॉनचे १एन४१४८ लावले. हे सगळं व्हेरोबोर्डवर, म्हणजे समांतर तांब्याच्या पट्ट्या असलेल्या बोर्डावर. गोव्याच्या पावसाळ्यात या पट्ट्या ठेवल्या जागी काळवंडतात आणि मग डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, नीट बसत नाही. डाग देण्याआधी बोर्ड खोडरबराने चकचकीत होईपर्यंत घासून घ्यावा, एवढं नवख्यांना आवर्जून सांगेन.

एलईडी लागतोय आणि आवाज नाही म्हटल्यावर पहिला विचार आला तो सगळे डाग पुन्हा गरम करायचा. फोंड्यात जत्रेतल्या नाटकांना साउंड देणारे एक काका आहेत, त्यांनी थांबवलं. सारखी डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) टेकवली की पट्टी बोर्डापासून सुटते आणि एका बिघाडाचे दोन होतात. "पयलीं व्होल्टेज पळय, मागीर आवाज," म्हणजे आधी व्होल्टेज बघ, मग आवाज, एवढंच ते म्हणाले.

मग मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, धरून आयसीचे पाय मोजले. सातव्या पायावर ९ व्होल्ट, चौथ्यावर शून्य, सहाव्यावर, म्हणजे आउटपुटवर, साडेचारच्या आसपास. हे बरोबर. एकाच बॅटरीवर चालणाऱ्या अशा सर्किटात सिग्नल ९ व्होल्टच्या निम्म्यावर तोलून धरलेला असतो, तरच त्याला वर-खाली दोन्हीकडे जागा मिळते. तिसऱ्या पायावर, म्हणजे इनपुटवर, मात्र दोन व्होल्टसुद्धा दिसेनात. आयसी गेला असंच मला वाटलं. काकांनी मीटर उलटा करून बघितला आणि हसले. तिसऱ्या पायाला साडेचार व्होल्ट पोचतात ते १ मेगओहमच्या रेझिस्टरांमधून, आणि स्वस्त पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोधही १ मेगओहमच असतो. मीटर टेकवला की तोच करंट ओढतो आणि आकडा पाडतो. आउटपुट बरोबर आहे, म्हणजे मीटर काढल्यावर तिसरा पायही बरोबर आहे. हे आधी माहीत नसेल, तर चांगला आयसी उपटून फेकला जातो.

व्होल्टेज ठीक, तरी आवाज नाही. आता सिग्नलच्या मागे जायचं. त्यासाठी ऑडिओ प्रोब बनवला, आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची वस्तू तीच ठरली. जुनी गिटार केबल एका टोकाला कापली, तिच्या जाळीला क्रोकोडाइल क्लिप लावली आणि आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. क्लिप ग्राउंडला, केबलचं दुसरं टोक अँपला, आणि कपॅसिटरचा मोकळा पाय सर्किटवर टेकवत जायचं. कपॅसिटर डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवतो, फक्त आवाज पुढे जाऊ देतो. अँपचा आवाज मात्र अगदी कमी ठेवावा.

दर वेळी गिटार कोण छेडणार? फोनवर तानपुरा लावला आणि तो पेडलच्या इनपुटला दिला. फोनची तार मोनो पिनलाच जोडावी लागते. पेडलचा इनपुट जॅक स्टिरिओ असतो आणि मोनो पिन आत गेली की बॅटरीचं ऋण टोक ग्राउंडला जुळून सर्किट चालू होतं. स्टिरिओ पिन घातली तर बॅटरीवर पेडल बंदच राहतं.

इनपुटच्या कपॅसिटरवर तानपुरा आला. तिसऱ्या पायावर आला. सहाव्या पायावर तर मोठा आणि चिरका होऊन आला, म्हणजे आयसी जोरात काम करत होता. पुढच्या १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरपलीकडेही होता. त्यापुढे १० किलोओहमचा रेझिस्टर; त्याच्या अलीकडच्या पायावर आवाज, पलीकडच्या पायावर शांतता. मला खरोखर आनंद झाला. अख्ख्या बोर्डावरची शंका आता एका पट्टीवर आली होती.

बॅटरी काढून मीटर कंटिन्युइटीवर लावला, म्हणजे दोन जागा जोडलेल्या असतील तर तो बीप देतो. डायोडची पट्टी आणि ग्राउंड यांच्यात सरळ बीप. भिंगातून पाहिलं तर पट्टी जिथे ड्रिलच्या टोकाने कापली होती, तिथे काठाला केसाएवढा तांब्याचा धागा उरला होता. पट्टीचा पुढचा अर्धा भाग ग्राउंडचा, त्यामुळे सगळा सिग्नल तिथेच ग्राउंडला जात होता. आधीचा कपॅसिटर डीसी अडवत असल्यामुळे व्होल्टेजवर याचा काहीच परिणाम दिसला नव्हता. कटरच्या पात्याने तो धागा खरवडला. बीप बंद. मीटर डायोडच्या खुणेवर नेला, तर दोन्ही दिशांनी सुमारे ०.६ व्होल्ट: उलटसुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड असेच दिसायला हवेत.

बॅटरी लावली, गिटार जोडली, ई पॉवर कॉर्ड मारला. अँपमधून तो जाड, फाटका आवाज खोलीभर आला आणि मी बराच वेळ तोच एक कॉर्ड वाजवत बसलो.

नंतर अडॅप्टरवर लावल्यावर बारीक शीळ येऊ लागली, जी बॅटरीवर नव्हती. दोष पुरवठ्यातला, हे त्यावरूनच कळलं. पॉवरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तशी ती गेली. फूटस्विच दाबताना अजून 'टप्प' होतं. त्यासाठी इनपुट आणि आउटपुटला ग्राउंडशी एकेक १ मेगओहमचा रेझिस्टर जोडायचा आहे.