ऑल सोल्स आणि हयातीचा दाखला

२ नोव्हेंबर, पुणे

आज ऑल सोल्स, गेलेल्या आप्तांच्या स्मरणाचा ख्रिस्ती दिवस. थडग्यांवर चुना, झेंडू, मेणबत्त्या. आणि हाच महिना पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा. पुण्यातल्या जुन्या कॅथलिक फौजी घरांत नोव्हेंबर असाच जातो: सकाळी मिस्सात दिवंगतांसाठी प्रार्थना, दुपारी म्हातारा जिवंत असल्याचा पुरावा.

नव्वदीतला हवालदार घ्या. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, पूल बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअर दलाचा, १९६५ आणि १९७१ ची दोन्ही युद्धं पाहिलेला. सुरुंग शोधताना सळई उभी खुपसत नाहीत, साधारण ३० अंशांत तिरकी सरकवतात. म्हणजे ती सुरुंगाच्या कडेला टेकते, वरच्या दाबाच्या भागावर नाही. पोटावर पडून, वीतभर वीतभर पुढे. ते निभावलेला माणूस आता अडतो एका अपॉस्ट्रॉफीपाशी.

D’Souza, म्हणजे डिसोझा. बाप्तिस्म्याच्या वहीत एक स्पेलिंग, भरतीच्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं दुसरं, आधारवर तिसरं, त्यात ‘डी’ सुटा पडलेला. बायको लग्नाच्या रजिस्टरात रोझमेरी, घरात रोझी, आणि पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या लग्न-मुलांच्या फौजी नोंदीत, गेली ती रोझीच. नवरा आहे तोवर कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढे ती कुटुंब निवृत्तिवेतन मागायला जाते तेव्हा कागदावरची आणि समोरची बाई वेगळी ठरते. दुरुस्ती त्याच्या हयातीतच करून घ्यावी. अर्जावर त्याची स्वतःची सही असली की निम्मं भांडण मिटतं. अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे दलाच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडे. सॅपर्सचं खडकीतच आहे, हे पुणेकरांचं नशीब. सोबत डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळालेलं सेवेचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), दोघांची आधार कार्डं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र.

आणि बाप्तिस्म्याचा ताजा उतारा. कपाटातला जुना नको. लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी चढवायची, असा चर्चचा नियम आहे. त्यामुळे नव्या उताऱ्यात आईबाप, जन्म आणि लग्न एकाच कागदावर मिळतं. तो मिळतो मात्र बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशमध्येच, म्हणजे त्या गावच्या चर्चमध्येच. वसईला झाला असेल तर वसई गाठा. उताऱ्यात जन्माची आणि बाप्तिस्म्याची अशा दोन तारखा असतात. फॉर्म भरणारा हमखास चुकीची उचलतो.

तारखेला पैशाचं वजन आहे. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला थेट १०० टक्के. जुन्या पीपीओत जन्मतारखेची जागा कोरी असेल तर वाढ आपोआप लागत नाही, आणि बिचारा वाट बघत बसतो.

ऐंशीच्या पुढच्यांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. नोव्हेंबरची गर्दी कशाला? बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. त्यापेक्षा मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, काढावा. चष्मा काढा, खिडकी पाठीमागे नको, पापणी मिटून उघडायला सांगा. पेन्शन वितरण संस्था म्हणून ‘स्पर्श’ (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था) निवडलं ना, ते दोनदा बघा. नाहीतर दाखला निघतो आणि भलतीकडेच जातो.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. प्रेमापोटी मुलं करून आणतात, आणि मग त्यावर नव्या नोंदीचा शिक्का बसत नाही.