किती जणांकडं न कळवता जाशील?

"यातल्या किती जणांकडं न कळवता जेवायला जाशील गं?"

सांगलीच्या घरी दादाच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत होते, तेव्हा आजीनं विचारलं. यादीत ६०० नावं. पेन हातातच राहिलं.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आठवले. इथिओपियात गेलाडा माकडं तासन्‌तास एकमेकांची केसं साफ करत बसतात, ते या माणसानं जवळून पाहिलं. पुढे १९९२ मध्ये माकडांच्या मेंदूचा बाहेरचा थर आणि कळपाचा आकार यांची सांगड घातली. त्यावरून माणसाचा अंदाज निघाला: एकाला जपता येतात सुमारे १५० नाती. अचानक दिसले, तर न बोलावता शेजारी जाऊन बसता येईल असे लोक.

म्हणजे आजीचाच प्रश्न!

मी खुणा करत गेले. ४१ वर थांबले. त्यातही मिरजेच्या मावशीला दिवाळीपासून फोन नाही.

तिची पत्रिका उद्या स्वतः घेऊन जाते. न कळवता.